तुम्ही उठून गेलात, मामा

मामा, तुमच्या तेरवीला जो उठला त्यानं माझीच गोष्ट सांगितली. नाव तेवढं कुणी घेतलं नाही. शाळेच्या पडवीत सतरंज्या टाकल्या होत्या, टेबलावर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि एकेक जण माईक हातात घेऊन सांगत होता की मास्तर किती कडक, किती स्वच्छ. सख्खी म्हणावी अशी भाची समोर उभी होती, तरी मास्तर खुर्चीवरून उठले आणि खोलीबाहेर निघून गेले, भाचीसाठी नियम वाकवला नाही. सरपंचांनी सांगितलं, तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, मग बोर्डाचे वकीलसाहेब उठले आणि त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. लोक माना हलवत होते. मी बायकांच्या मागं खांबाला टेकून बसले होते आणि माझ्या दोन्ही बाजूच्या बाया मुद्दाम समोर बघत होत्या.

तुमच्या मुलानं मधेच येऊन हळूच विचारलं, कुंदाताई, दोन शब्द बोलता का. मी नाही म्हटलं. दोन शब्दांत भागलं नसतं, आणि तिकडं पंगत खोळंबली असती. म्हणून हे इथं बोलते. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे. जिवंत होता तेव्हा तरी कुठं ऐकलंत.

तुम्ही माझे सख्खे मामा नव्हता. तलमडुगूकडच्या तुमच्या गावात माझ्या आईचं, कमलचं माहेर, एवढंच. आणि ते माहेरही गावाच्या दुसऱ्या टोकाला, विहारापाशी. माझा आजा तुमच्या बापाच्या वावरात मजुरीला. तुमच्या घरातून आमच्या अंगणात येऊन बसणारे, आमच्या ताटात जेवणारे पहिले तुम्ही. त्यावरून तुमचा बाप तुमच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही, असं आई सांगायची. तिच्या लग्नात तुम्ही भाऊ म्हणून उभे राहिलात, सगळ्या गावाच्या देखत. तुमच्या घरचं कुणी आलं नव्हतं, तुम्ही एकटेच आला होता. आई मरेपर्यंत हे सांगत होती आणि दर वेळेस पदरानं डोळे पुसत होती. हे मी विसरले नाही. विसरले असते तर सोपं गेलं असतं.

मग आदिलाबादला मी त्या बोर्डात लागले, सरकारी वसतिगृहांवर देखरेख ठेवणाऱ्या. परीक्षा देऊन लागले, हे आज पुन्हा सांगते, कारण भाचीला मास्तरनं चिकटवलं असंही बोलणारे होते. तुम्ही तर रिटायर होऊन सदस्य म्हणून माझ्यामागून आलात. वर तीन सदस्य, अध्यक्ष मॅडम, वकीलसाहेब आणि तुम्ही, आणि खाली आम्ही तपासनीस, टायपिस्ट, डायवर. काम एवढंच की वसतिगृहांत न सांगता जायचं, पोरींना खायला काय मिळतं, प्यायचं पाणी कसं आहे, झोपायला जागा आहे का ते बघायचं आणि खरं खरं लिहायचं.

तुम्ही आल्या आल्या काय केलं, तर आमच्यासाठी नियम लिहिले. सदस्यांनी कसं वागावं, नोकरांनी कसं वागावं. आधी मराठीत लिहिले, मग माझ्याकडून तेलुगूत करून घेतले. जिथं तपासणी तिथं चहा नाही, पाणी नाही, पान-सुपारीसुद्धा नाही. कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही, मग ते पेरू का असेना. आणि सदस्याच्या नात्यातल्या माणसाचं प्रकरण आलं तर त्यानं खोलीबाहेर जायचं. एवढ्यावर तुमचं समाधान होईना. नातं म्हणजे रक्ताचं, सोयरिकीचं आणि गावचंसुद्धा, असं तुम्ही घालायला लावलं. वकीलसाहेब हसले. म्हणाले, मास्तर, या हिशेबानं तुमच्या मुलखात बसायला उरेल कोण, तिथं तर प्रत्येक जण कुणाचा तरी मामा आहे. तुम्ही हसला नाही. आपल्याकडं गावचं नातं सख्ख्यापेक्षा घट्ट असतं, असं म्हणालात, आणि मला तेव्हा आईची आठवण येऊन ऊर भरून आला. मूर्ख मी.

बरं, तुम्ही ढोंगी होता असंही म्हणता येत नाही, तीच तर पंचाईत आहे. तुम्ही घरून पाण्याची बाटली आणायचे, भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून आणायचे, आणि भर उन्हात जीप झाडाखाली थांबवून तिथंच जेवायचे. डायवरचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पुढं शंभर पावलांवर वॉर्डनच्या घरी चहा उकळून राहिलेला आणि आम्ही इकडं कोमट पाणी पिऊन राहिलेलो. एका ठिकाणी एका बाईनं लिंबाचं सरबत आणलं तर तुम्ही तिला हात जोडून असे मागं सरकला की ती बिचारी घाबरली, तिला वाटलं आपल्या हातून काही गुन्हा घडला. परतताना मी तुमची नक्कल केली. तुम्ही रागावला नाही, उलट खूप हसलात, आणि भाकरीचा अर्धा तुकडा मला दिलात. तो मी घ्यावा की नाही, ते नियमात बघून सांगा, असं मी म्हटलं होतं.

आणि काम तुम्हीच शिकवलं. ऑफिसात आधी जायचं नाही, मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायचं. जेवण कसं आहे असं पोरींना विचारायचं नाही, चांगलंच म्हणतात, काल काय खाल्लं ते विचारायचं. सगळ्यात लहान पोरीचं ताट बघायचं. टाकी खालून बघायची नाही, शिडीनं वर चढायचं आणि आत डोकवायचं. तुमचे गुडघे गेलेले, म्हणून टाकीवर मी चढायची आणि तुम्ही खाली उभं राहून वर तोंड करून विचारायचे, "काय दिसते वं?" मला ते काम फार आवडलं, मामा. मला वाटायचं मी आयुष्यभर हेच करीन.

भीमपूरकडच्या त्या वसतिगृहात आपण गेलो तेव्हा आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिथं पोरींमध्ये कावीळ पसरली होती. टाकीला झाकण नव्हतं. आत शेवाळ, कबुतरांची पिसं आणि एक कुजलेलं फडकं. मी वरून सांगत होते आणि तुम्ही खाली लिहून घेत होता. उतरले तेव्हा वॉर्डन बाई तालेवारासारख्या उभ्या होत्या, आम्हाला पाणी देत होत्या, त्याच टाकीतलं. तुम्ही बाटली दाखवली. मला हसू आलं, एवढंच त्या दिवसातलं हसू.

मग स्वयंपाकघरातून शांतामावशी आली. तिथं ती स्वयंपाकाला होती हे मला माहीतच नव्हतं. आईची लहानपणची मैत्रीण, एकाच ओळीतली घरं, तुम्हीही तिला लेकीबाळीसारखं ओळखत होता. ती माझ्या गळ्यात पडून रडली. आईच्या मयतीला तिला येता आलं नव्हतं, वॉर्डननं सुट्टी दिली नव्हती. तिनं एक साडी घेऊन ठेवली होती. हिरवी, साधी, बाजारातली. आई गेली की लेकीला माहेरच्या गावाकडून लुगडं येतं, आपल्याकडं ते कुणीतरी आणतंच, भाऊ नसला तर शेजार आणतो. मला कुणी आणलं नव्हतं. मावशीनं ती साडी माझ्या हातावर ठेवली आणि मी मागं सरकले. मी म्हटलं, मावशी, मी तपासणीला आले, मला घेता येत नाही. तिला काही कळेना. ती तुमच्याकडं बघायला लागली. मीही तुमच्याकडं बघितलं.

"घे बाई," तुम्ही म्हणालात. "हे तुझ्या मायचं आहे. याले नाही म्हनू नको."

मी तरी म्हटलं, मामा, नियम. तेव्हा तुम्ही चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणालात की वॉर्डननं दिलं असतं तर मी तुझा हात धरला असता, हे वेगळं आहे, नियम मी लिहिला, मला ठाऊक आहे. मग मी घेतली. डायवर बाहेर जीपपाशी तंबाखू मळत बसला होता. स्वयंपाकघराच्या दारात आपण तिघंच होतो. वॉर्डन बाई खिडकीतून बघत होत्या, हे नंतर कळलं. परत येताना तुम्ही सगळ्या वाटेनं आईच्या गोष्टी सांगितल्या, ती बोरं पाडायला कशी तुमच्या आमराईच्या कुंपणावर चढायची ते. त्या दिवशी मी तुम्हाला मनातून मामा म्हटलं, तोंडानं तर आधीपासून म्हणतच होते.

मी अहवाल दिला. टाकीचं सगळं लिहिलं, काविळीचं लिहिलं, वॉर्डनवर कारवाई व्हावी असं लिहिलं. आणि वॉर्डन बाईंची तक्रार आली. स्वयंपाकीणबाईचं आणि वॉर्डनचं आधीपासून भांडण, त्या बाईनं तपासनिसाला साडी दिली, आणि साडी घेऊन तपासनिसानं वॉर्डनविरुद्ध खोटं लिहिलं. मला घरी बसवलं. सासूबाई रडायला लागल्या. मी मात्र निवांत होते. मी सगळ्यांना सांगत फिरले की घाबरायचं काय कारण, मामा तिथं हजर होते, त्यांनीच घे म्हटलं, ते एक वाक्य बोलले की मिटलं. तुमच्या शब्दाला बोर्डात जी किंमत होती ती कुणाच्याच शब्दाला नव्हती. मी तुम्हाला फोनसुद्धा केला नाही. सुनावणीआधी सदस्याला फोन करायचा नाही, हा तुमचाच नियम.

चौकशीचा तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. लांब टेबल, त्याच्यामागं तिघांच्या खुर्च्या, आणि दाराजवळ बयान देणाऱ्यासाठी एक स्टूल. अध्यक्ष मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं की कुणा सदस्याचं यांच्याशी नातं आहे का. तुम्ही उठलात. पिशवी खांद्याला लावली. म्हणालात, ही माझ्या गावची भाची आहे, मला इथं बसता येणार नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं नाही बरं का. मला अभिमान वाटला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, सदस्य म्हणून बसू नये, आता साक्षीदार म्हणून बोलावतील, मग मामा त्या स्टुलावर बसून सांगतील.

शांतामावशीला विचारलं. ती म्हणाली की माहेरची साडी दिली. वकीलसाहेब म्हणाले, देणारी तर असंच म्हणणार. मला विचारलं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, मास्तर तिथं उभे होते, त्यांनी सांगितलं म्हणून मी घेतली, त्यांना आत बोलवा आणि विचारा. मॅडमनी शिपायाला व्हरांड्यात पाठवलं. शिपाई आला आणि म्हणाला, "मास्तर तर गेले. बस धरली त्यांनी."

बस धरली. मामा, तुम्हाला बस चुकेल म्हणून घाई झाली होती का? दिवसभर बसा होत्या त्या रस्त्याला.

मॅडम वाईट बाई नाहीत. त्या बराच वेळ कागद खालीवर करत राहिल्या. वकीलसाहेब म्हणाले, मास्तरांना पत्र पाठवून विचारता येईल. तसं पाठवलंही. तुमचं उत्तर आलं की नियमाप्रमाणे मी या प्रकरणापासून दूर आहे, मला यात काही म्हणायचं नाही. सुंदर अक्षर तुमचं. मॅडम मला म्हणाल्या, "रूल अंटे रूले, अम्मा," नियम तो नियम, आणि त्यांनी सही केली. मी कामावरून कमी. अहवाल बाद. शांतामावशीला वॉर्डननं काढलं, ती लेकाकडं निघून गेली. टाकीला झाकण बसलं की नाही ते मला सांगायला तिथं आता कुणी उरलं नाही.

आता मी भैंशाला एका जिनिंगमध्ये बायकांची हजेरी घेते. दिवसभर कापसाची धूळ नाकात. काम कष्टाचं आहे, त्याची मला लाज नाही. लाज याची की तिथंसुद्धा माझ्याआधी गोष्ट पोहोचली, हीच ती साडीवाली. कुणी तोंडावर बोलत नाही. एखादी बाई नवीन साडी नेसून आली की बाकीच्या माझ्याकडं बघून हसतात.

तुम्ही आला होता माझ्या दारात, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. थंडी होती, डोक्याला मफलर होता, मोटारसायकलवर तुम्हाला कुणीतरी सोडून गेलं होतं. मी फाटक उघडलं नाही. फाटकाच्या दोन बाजूंना उभं राहूनच आपण भांडलो. तुम्ही म्हणालात, नियम मीच केला, मीच मोडू? मी म्हटलं, खुर्ची सोडायचा नियम केला होता, जीभ सोडून जायचा नव्हता. सदस्य म्हणून बसायचं नव्हतं, ठीक, पण साक्षीला यायला कोणत्या नियमानं अडवलं होतं, ते दाखवा. गावचं नातं म्हणता, मग ज्या नात्यानं तुम्ही माझ्या आईच्या लग्नात उभे राहिला ते नातं फक्त उठून जायच्या कामाचं होतं का? तुमचा चेहरा पडला. मला वाटलं आता हा माणूस कबूल करेल. मी आवाज खाली आणला आणि विचारलं, मामा, तुम्ही घे म्हटलं होतं ना?

तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालात, "मले आठवत नाही, कुंदा."

मी घरात निघून आले. शेंगा तुम्ही फाटकाला अडकवून गेलात. सासूबाईंनी उकडल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, मी हात लावला नाही.

त्यानंतर आपण बोललो नाही. पण खरं सांगू का, त्या एका वाक्याला मी जीव लावून धरून राहिले. मी स्वतःला समजावत होते की म्हातारपण आहे, विसरले असतील. शेवटी शेवटी तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे, पेन्शनच्या दिवशी भलत्याच बँकेत जाऊन बसायचे, हे मला कानावर यायचं. मग मी म्हणायची, बघ, खरंच आठवत नसेल. खरंच आठवत नसलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं? तुम्ही गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी जिनिंगच्या गेटवरच रडले. बायका म्हणाल्या, कोण होतं? मी म्हटलं, मामा. तेवढं बोलताना मला काही जड गेलं नाही.

तेरवीला पंगत बसायच्या आधी मामीनं मला आत बोलावलं. मागच्या खोलीत ती एकटीच होती, कपाळ मोकळं, हात मोकळे, पाय पसरून भिंतीला टेकलेली. माइकवरची सगळी भाषणं तिथपर्यंत ऐकू येत होती. मला वाटलं गळ्यात पडेल, रडेल. ती रडली नाही. तिनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, "त्यायनं तुले घे म्हनलं होतं ना?"

मी विचारलं, मामी, तुम्हाला कुणी सांगितलं?

"मास्तरनंच सांगतलं. त्याच दिवशी. जेवाले बसले न सांगू लागले, कमलच्या पोरीले आज माहेरचं लुगडं भेटलं, नाही म्हनत होती, मीच घे म्हनलं. लय खुश होते."

मामा, तुम्ही खुश होता. तुम्ही जेवताना सांगितलं होतं. आणि मग चौकशीच्या दिवशी बस धरून घरी आलात तेव्हा मामीनं विचारलं, सांगितलं का? तर तुम्ही जेवला नाहीत, बाजेवर पडून राहिलात. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात तेही तिनं मला सांगितलं, की लोक म्हणतील मास्तर भाचीसाठी खोटं बोलून राहिला. एवढीच गोष्ट होती. तुम्ही नियमाला भ्यायला नव्हता, मॅडमला भ्यायला नव्हता. लोक काय म्हणतील याला भ्यायलात. खरं बोलायचं होतं आणि लोक त्याला खोटं म्हणतील म्हणून तुम्ही खोटंच बोललात, तेही माझ्या फाटकापाशी, माझ्या तोंडावर.

मला त्या खोलीत फार राग आला. मी मामीलाही सोडलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत होतं, मग इतके दिवस तुम्ही काऊन बोलल्या नाही? ती म्हणाली, माणूस जिवंत असताना त्याच्याविरुद्ध त्याच्या बायकोनं चौकात जाऊन बोलायचं म्हणजे घर मोडायचं. मी रोज म्हणत होते त्यांना, जाऊन या, सांगून या. रोज उद्या म्हणायचे. हे सांगताना तिचा आवाज कापला नाही, जणू दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगत होती. बाहेर तेव्हा कुणीतरी माइकवर सांगत होतं की मास्तर आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत.

कामावरून कमी केल्याविरुद्धचं माझं अपील वर पडून आहे, हे तिला माहीत होतं. तिनंच विचारलं की तारीख कधी आहे. मी म्हटलं, अजून लागली नाही. तर म्हणाली, "लागली का मले सांग. मी येते बयान द्याले."

मी तिला समजावलं, बरं का मामा. तुमच्यासाठी म्हणून नाही, तिच्यासाठी. मी म्हटलं, मामी, बघा, नीट विचार करा, ऐकीव गोष्ट म्हणून ते कदाचित धरणारही नाहीत. वरून तुम्हालाच तिथं नाही नाही ते विचारतील. आत्ता बाहेर एवढी भाषणं झाली, आणि तुम्ही असं सांगितलं तर उद्या हेच लोक म्हणतील मास्तर खोटं बोलले.

मामीनं माझा हात सोडला, पदर नीट केला आणि म्हणाली, "बोलले ना मंग."

मग ती उठली, भिंत धरून उठली, आणि पंगत वाढायला बायका कमी पडल्या का ते बघायला बाहेर गेली. मी तिच्यामागून गेले आणि भाजीची बादली हातात घेतली. वकीलसाहेबांच्या ताटात मीच वाढलं. त्यांनी वर बघितलं, काहीतरी बोलणार होते, मग आणखी थोडी वाढ म्हणाले.

तुम्हाला माफ करायला मी आले नव्हते आणि केलंही नाही. विसरलात असं समजून मी जे थोडंफार माफ केलं होतं, तेही त्या खोलीत परत घेतलं. आईच्या लग्नात उभे राहिलेले तुम्ही आणि बस धरून पळालेले तुम्ही, दोघांना मी एका माणसात बसवायला बघते आणि जमत नाही. एवढं खरं की पहिला नसता तर दुसऱ्याचा मला एवढा राग आला नसता. रडू येतं तेही रागाचंच, आणि मग उगाच जास्त वेळ येत राहतं.

तारीख लागली की मी गाडी करून मामीला घ्यायला तुमच्या दारात येणार आहे. पुढच्या खोलीत तुमचा फोटो लावला आहे, तिला निघायला वेळ लागला तर मला त्याच्यासमोरच बसावं लागेल. तेव्हा हात जोडेन की नाही, ते आत्ता सांगत नाही.